नागपूर ते जेद्दा, वीज असेपर्यंत

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये अब्रार फिटर होता. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला तिकडे रेचा म्हणतात. असे दोन्ही बाजूंना ओळीनं उभे असलेले रेचे सांभाळायचे, रोलर घासला की बदलायचा, पट्टा ढिला पडला की ताणायचा, हे त्याचं काम. त्या वर्षी दिवाळी झाली, हंगाम लागला, आणि पहिल्याच आठवड्यात एका बंद रेच्यात अडकलेला कापूस तो हातानं उपसत असताना पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला, करंगळी राहिली.

अब्रार ओरडला नाही, असं हेडफिटर बबनराव नंतर सगळ्यांना सांगायचे. गडी लोखंडाचा आहे म्हणायचे. खरं तर ओरडायचं त्याला सुचलंच नव्हतं. पांढऱ्या रुईवर रक्त पडताना त्यानं पाहिलं आणि त्याच्या मनात आलं ते एवढंच, की हा माल आता खराब झाला.

त्याच हिवाळ्यात त्याची आई खातूनबी हजला जायची होती. कुर्र्यात, म्हणजे चिठ्ठ्यांच्या सोडतीत, तिचं नाव निघालं होतं. बाईमाणसाला एकटीनं जाता येत नसे, सोबत मेहरम लागायचा, नवरा नाहीतर मुलासारखं सख्खं माणूस. नवरा गुलाम नबी कधीच अल्लाला प्यारा झाला होता, म्हणून तिच्यासोबत अब्रारचं नाव होतं. पासपोर्ट आले होते, सुया टोचून झाल्या होत्या, गल्लीतल्या बायका दुआ सांगून गेल्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी टाके काढले तेव्हा सांगितलं, की हात ओला होऊ देऊ नका, बाकी प्रवासाला हरकत नाही. अब्रारनं ते ऐकलं होतं. पण घरी आल्यावर तो जो खाटेवर पडला तो पडलाच. निघायचा दिवस जवळ आला तशी खातूनबी त्याच्या उशाशी येऊन बसली.

"बेटा, जमन काय?"

"नाही जमत, अम्मी."

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. शिवून ठेवलेले पांढरे कपडे पेटीत गेले आणि पेटी खाटेखाली गेली. तिचं तोंड उतरलं की नाही, हेही अब्रारनं पाहिलं नाही. पाहायला मान वळवावी लागली असती.

संक्रांतीपर्यंत निम्मे रेचे बंद झाले. फाटकापुढं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची ती त्या साली लागलीच नाही. होळीच्या सुमारास मालकानं कुलूप घातलं. बबनराव गुजरातेत कुठल्या जिनिंगवर निघून गेले. पेपरात रोज जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी, गावाचं नाव आणि घराचा फोटो यायचा. अब्रार पेपर वाचायचा, घडी घालायचा आणि दाराच्या फटीत खोचून ठेवायचा. त्याची बायको आरजू पायमशीनवर सलवारी शिवायची. मुलगी अतिया शाळेत जायची, यायची. अब्रार ओसरीवर बसायचा, डाव्या हाताला रुमाल गुंडाळून. जेवायला वाढलं की जेवायचा. कुणी हाक मारली की "हो" म्हणायचा. त्याला दुःख झालं होतं असंही म्हणता येत नव्हतं. थंडीत हात आखडून झोपलं की सकाळी तो हात आपला वाटत नाही ना, तसा तो सगळाच झाला होता.

त्यांच्या घराची समोरची खोली भाड्यानं दिलेली होती. तिथं अक्षय राहायचा, राळेगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, बसस्टँडजवळच्या कंप्युटर क्लासमध्ये शिकवायचा. त्याच्या खोलीत त्याचा स्वतःचा जोडलेला कंप्युटर होता. दुपारी क्लासला सुट्टी असली आणि वीज असली, की तो त्यावर विमान उडवायचा. खोलीची खिडकी ओसरीवर उघडायची, त्यामुळे अब्रार बसल्या जागी ते विमान पाहत असे. पाहत असे म्हणजे डोळे तिकडे असत.

एक दिवस अक्षयनं आतूनच हाक दिली.

"अब्रारभाई, या नं. बसा इथं."

"मी काय करू तिथं?"

"पाडा विमान. बाकी काय करता? सुरुवातीले सगळेच पाडतात."

नाही म्हणायला जितका जीव लागतो तितकाही अब्रारकडे नव्हता. तो उठला आणि जाऊन बसला.

अक्षयनं उजव्या हातात दांडी दिली. ती मागं ओढली की विमानाचं नाक वर, पुढं ढकलली की खाली, डावीउजवीकडे कलवली की विमान कलतं. इंजिनाचा जोर वाढवायचा-कमी करायचा तो कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या दोन बटणांनी. चाकांचं बटण वेगळं, पंखांच्या मागच्या झडपांचं वेगळं. छोटं विमान आधी शिका, असं त्या खेळातला इंग्रज मास्तर सांगायचा, पण अक्षयला स्वतःलाच त्याचा कंटाळा होता. त्यानं सरळ प्रवाशांचं मोठं विमान नागपूरच्या धावपट्टीवर आणून ठेवलं.

"जोर पूर्ण द्या. हा काटा इथं आला की हळूच ओढा."

अब्रारनं जोर दिला. पट्टीवरचे पांढरे पट्टे खालून पळू लागले. काटा आला तिथं त्यानं दांडी ओढली, जरा जास्तच ओढली. नाक आभाळाकडे गेलं, विमान तसंच उभ्याउभ्या थकलं आणि शेपटीवर खाली आलं. पडद्यावर एक इंग्रजी शब्द आला. मग अंधार, आणि पुन्हा तेच विमान, धावपट्टीच्या टोकाला, टाकी भरलेली, पंख धड.

"झालं?" अब्रारनं विचारलं.

"झालं. पुन्हा मारा."

त्यानं पुन्हा मारलं. पडलं तर कुणी धावत येत नव्हतं. कुणी नाव घेऊन ओरडत नव्हतं, कुणी पाणी आणत नव्हतं. हे त्याला बरं वाटलं असं नाही, पण वाईटही वाटलं नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी हाकेशिवाय जाऊन बसला.

उडायला आठवडाभरात आलं. हवेत गेल्यावर तर फार काही करावंच लागत नव्हतं. दिशा आणि उंची आकड्यात लावून दिली की विमान आपलं आपण जायचं. अवघड होतं ते उतरणं. आधी त्याला वाटलं, विमानतळ दिसला की खाली यायचं. तो दिसायचा तेव्हा विमान इतकं उंच असायचं, की नाक खाली केलं तर वेग आवरत नसे आणि वेग आवरला तर खाली येत नसे. पट्टी तशीच पोटाखालून निघून जायची आणि पुढं नुसती शेतं.

"लय आधीपासून उतराले लागते भाई," अक्षय म्हणायचा. "पट्टी दिसतबी नाही तेव्हापासून. आन् नाक कुठं पाहून राह्यलं ते पाहू नका, विमान कुठं जाऊन राह्यलं ते पाहा. दोन्ही येगळं असते."

हे वाक्य अब्रारला समजायला बरेच दिवस लागले. नाक वर असतं आणि विमान खाली जात असतं. त्यानं हे शंभरदा पाहिलं तेव्हा कुठं त्याच्या हाताला कळलं. पट्टीच्या कडेला चार दिवे असतात. चारही पांढरे दिसले तर तुम्ही फार वर, चारही लाल दिसले तर फार खाली, दोन पांढरे दोन लाल दिसले तर बरोबर. तो त्या चार दिव्यांकडे पाहत खाली यायचा. वेग कमी पडून पडला, वेग जास्त होऊन पट्टीबाहेर गेला, एकदा चाकंच काढायला विसरला. नागपूरच्या त्या विमानतळावर त्यानं इतकी विमानं पाडली, की अक्षय म्हणाला, तिथली माती आता लोखंडाची झाली असन.

जोर कमीजास्त करायची बटणं डाव्या हाताची. सुरुवातीला अब्रार दांडी सोडून उजव्याच हातानं ती दाबायचा, आणि तेवढ्यात विमान कलायचं. एक दिवस उतरताना त्यानं रुमाल सोडून मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताचा अंगठा एका बटणावर, करंगळी दुसऱ्यावर टेकवली. ती दोन बोटं बरोबर तेवढ्या अंतरावर होती असं नाही. करंगळी ताणावी लागली. पण पुरली. आरजू चहा घेऊन दारात आली होती. हॉस्पिटलातून आल्यापासून तो हात उघडा तिनं पाहिला नव्हता, रुमाल धुवायलाही तो स्वतःच न्यायचा. ती चहा हातात धरून तशीच उभी राहिली. विमान उतरलं, जरा उड्या मारत, पण उतरलं आणि पट्टीवरच थांबलं. तिनं कप टेबलावर ठेवला, मांडीवरचा रुमाल उचलला आणि धुवायला घेऊन गेली. त्यानं अडवलं नाही.

मे महिन्यात अक्षयच्या बहिणीचं, समीक्षाचं लग्न होतं. क्लासलाही सुट्टी लागली. गावाला निघताना अक्षयनं खोलीची किल्ली अब्रारकडे दिली. "उडवत राहा. नाहीतर उन्हाळ्यात मशीनमधी मुंग्या होतात."

घरात त्यांची बोली अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. खातूनबी तर कोणत्या शब्दाला कोणती आहे हे कधी पाहायची नाही. एका दुपारी ती अक्षयच्या खोलीत आली, पंख्याखाली बसायला. थोडा वेळ तसबीचे मणी ओढत तिनं पडद्याकडे पाहिलं.

"हे कुठं कुठं जाते?"

"कुठंबी जाते."

"सगळ्या मुलखात?"

"सगळ्या."

तिनं आणखी काही मणी ओढले.

"जेद्द्याले जाते?"

अब्रारच्या हातातलं विमान तेव्हा नागपूरवरून वळण घेत होतं. ते त्यानं नीट वळवलं, सरळ केलं, मग म्हणाला, "जाते."

"मंग ने मले."

त्यानं अक्षयला फोन केला. अक्षयनं सांगितलं, की शिकताना उडवलं ते विमान तिथपर्यंत पुरणार नाही, चार इंजिनांचं जंबो घ्या, टाकी पूर्ण भरा. पाच-सहा तासांचा रस्ता आहे, पण तितका वेळ बसायची गरज नाही, एक बटण दाबलं की वेळ सोळापट पळतो, बुढी वीस मिनिटांत जेद्द्यात.

अब्रारनं तसं आईला सांगितलं. खातूनबीनं मान हलवली.

"वीस मिंटात कोणी हाजी पोचते काय? लोकं जितका वेळ जातात तितकाच जाऊ दे."

जंबो विमान फार जड होतं. तीन-चार दिवस अब्रार नुसता तेच उतरवत राहिला. मग विजेचं वेळापत्रक पाहून दिवस ठरवला. तेव्हा दिग्रसमध्ये वीज रोज सकाळी जायची, संध्याकाळी जायची, आणि मधल्या वेळात राहिली तर राहायची. सकाळची वीज आली तशी खातूनबी न्हाऊन, धुतलेली ओढणी घेऊन खुर्चीत येऊन बसली. आरजूनं मशीन बंद ठेवलं आणि ती उंबऱ्यावर बसली. विमान उठलं. विदर्भ मागं पडला, खानदेश मागं पडला, डोंगर आले, आणि मग समुद्र. खातूनबीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. ती निळ्या पडद्याकडे पाहत राहिली. "किती निळं हाय," एवढं म्हणाली. समुद्र तासभर तसाच राहिला. ती जोहरची, म्हणजे दुपारची नमाज पढायला उठायच्या बेतात होती, तेवढ्यात पंखा मंदावला.

टेबलाखालच्या बॅटरीच्या डब्यानं एकदा पीं केलं आणि तोही गेला. पडदा काळा झाला. बाहेर कुणीतरी म्हणालं, इमर्जन्सी लोडशेडिंग.

खातूनबी काळ्या पडद्याकडे पाहत बसली, मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि नमाजेला आत गेली. अब्रार तसाच बसला होता. आरजूनं त्याच्या कपाळावर घाम पाहिला. गरमीचाच असेल असं तिला वाटलं.

अक्षयनं फोनवर सांगितलं, मध्येच विमान साठवून ठेवता येतं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं जाता येतं. अब्रारनं संध्याकाळी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"हवेत थांबते काय विमान?" ती म्हणाली, आणि भाजी निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी अब्रारनं चपला घातल्या. "कुठं?" आरजूनं विचारलं. "जुनेदकडं." जुनेद त्याचा चुलतभाऊ. पुसद रोडला त्याचं ट्रकचं गॅरेज होतं. अब्रार घराबाहेर पडल्याला इतके महिने झाले होते, की ऊन त्याच्या डोळ्यांना सोसेना. रस्त्यात दोघातिघांनी सलाम केला, हाताकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. रुमाल घरीच राहिला होता हे त्याला गॅरेजवर पोचल्यावर कळलं.

"बॅटरी पायजे," तो म्हणाला. "ट्रकची. आन् तुह्या दुकानातलं ते इन्व्हर्टर. एका दिवसासाठी."

जुनेद गाडीखालून बाहेर आला. "कायले?"

"अम्मीले जेद्द्याले न्यायचं हाय."

जुनेदनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा दिसेना, वेडही दिसेना. अब्रारनं मग सगळं सांगितलं, सलग, जिनिंगमधल्या बिघाडाबद्दल मालकाला सांगायचा तसं. जुनेद हात पुसत ऐकत राहिला.

"त्या कोपऱ्यातली ने. भारी हाय पण. पोराले सांगू काय?"

"नको."

अब्रार वाकला. उजवा हात बॅटरीच्या कडीत घातला, डावा खालून लावला, अंगठा एका बाजूनं, करंगळी दुसऱ्या, मधल्या जागेत मनगट टेकवलं, आणि ती उचलून त्यानं बाहेर थांबवलेल्या सायकलरिक्षात ठेवली. मग इन्व्हर्टर ठेवलं. जुनेद पाहत होता. रिक्षा हलली तेव्हा तो मागून म्हणाला, "गॅरेजवर येत जा नं कधी. बसाले." अब्रार "हो" म्हणाला. तो सगळ्यांनाच हो म्हणायचा.

दुसऱ्या खेपेला वेगळी तयारी कुणी केली नाही, सगळं तेच. न्हाणं, ओढणी, खुर्ची, उंबरा. विमान उठलं, डोंगर गेले, समुद्र आला. मागच्या वेळी जिथं वीज गेली तिथून विमान पुढं गेलं तेव्हा आरजूनं अब्रारकडे पाहिलं, पण तो काट्यांकडे पाहत होता. समुद्र संपेना. खातूनबी जोहर पढून आली, तरी समुद्रच. ती खुर्चीत पेंगली. तिचं डोकं एका खांद्यावर कलंडलं आणि तसबी मांडीवर राहिली. अब्रारनं तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी तो आईकडे पाहत होता. तिच्या हनुवटीवरचं गोंदण सुरकुत्यांमध्ये आत गेलं होतं. ती इतकी लहान कधी झाली, हे त्याला सांगता आलं नसतं.

वीज गेली तेव्हा वाळवंट सुरू झालं होतं. या वेळी पंखा थांबला, पण पडदा राहिला. जुनेदचं इन्व्हर्टर बारीक गुणगुणत होतं.

"उठा अम्मी, जमीन आली," आरजू म्हणाली.

खातूनबी दचकून उठली. "कोठं आलो?"

"अरबस्तान."

"ही रेतीच हाय नुसती."

"रेतीच राह्यते इकडं."

वाळवंटही दोनेक तास चाललं, मग अब्रार उतरायला लागला. पट्टी अजून दिसतही नव्हती. तो पायरीपायरीनं खाली आला, झडपा सोडल्या, चाकं काढली. जंबो सुस्त होतं, सांगितलेलं उशिरा ऐकत होतं, त्यामुळे आधीच सांगावं लागत होतं. चार दिवे दिसले. तीन पांढरे, एक लाल. करंगळीनं त्यानं जोर थोडा कमी केला. दोन पांढरे, दोन लाल. पट्टी मोठी होत गेली. शेवटी त्यानं नाक किंचित उचलून धरलं आणि वाट पाहिली. विमान एकदा टेकलं, पुन्हा टेकलं आणि धावत राहिलं. मग हळू झालं आणि थांबलं. डाव्या हाताच्या ज्या जागी बोटं नव्हती, तिथं घाम आल्यासारखं अब्रारला वाटलं. त्यानं हात उलटा करून पाहिला. कोरडा होता.

त्यानं विमान फिरवत इमारतींजवळ आणून उभं केलं. खातूनबी खुर्ची सरकवून पडद्याच्या अगदी जवळ गेली. काँक्रीट होतं, इमारती होत्या, दिव्यांचे खांब होते. तिनं डोळे बारीक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"माणसं कुठं हायेत?"

"यात माणसं नाहीत अम्मी. बनवणाऱ्यानं ठेवलीच नाहीत."

"एकबी नाही?"

"नाही."

"मंग आपल्या विमानातले?"

आतल्या खुर्च्याही रिकाम्याच होत्या.

"काबा दिसन काय?"

हे ती विचारेल हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "नाही, अम्मी. मक्का इथून पुढं हाय. यात नुसती जमीन दिसते, बाकी काही नाही."

"बाजू तं सांग कोणती ते."

बाजू सांगता येत होती. अब्रारनं इंजिनाला थोडा जोर दिला आणि एवढं मोठं विमान जागच्या जागी सावकाश वळवलं, होकायंत्राचा आकडा बरोबर येईपर्यंत. नाक उजाड टेकड्यांकडे झालं.

"अशी."

खातूनबी गोंधळली. "ही तं उगवती."

"हो. जेद्दा मक्क्याच्या मावळतीले हाय. इथून किब्ला उगवतीकडं."

किब्ला म्हणजे मक्क्याची दिशा, आणि सगळा जन्म तिनं मावळतीकडे तोंड करून नमाज पढली होती. घराचं दार, नवऱ्याची कबर, मशिदीची भिंत, सगळं त्याच दिशेवरून तिच्या डोक्यात लागलेलं होतं. तिनं बोटानं हवेत काहीतरी मांडून पाहिलं, इकडे दिग्रस, मध्ये मक्का, हे जेद्दा.

"म्हंजे आपलं दिग्रसबी तिकडंच," ती म्हणाली.

"तिकडंच."

तिनं ओढणी पुढं ओढली आणि बसल्या बसल्या दोन्ही हात उघडले. आरजूनंही पदर डोक्यावर घेतला. रिकाम्या विमानतळासमोर खातूनबी ओठ हलवत राहिली, बराच वेळ. खोली तापली होती. इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला.

"अम्मी, बॅटरी चालली."

"आमीन म्हण. मंग जाऊ दे."

"आमीन," अब्रार म्हणाला. पडदा विझला.

आरजू भांडी घासायला गेली. खातूनबी उठली नाही. काळ्या पडद्यासमोर मायलेक बसून राहिले. मग ती म्हणाली, "तवा तुले येता आलं असतं. डाक्टरनं सांगतलं होतं, मले माहीत हाय."

अब्रार दांडीवरची धूळ अंगठ्यानं पुसू लागला.

"म्या एकडाव विचारलं आन् चालली गेली. हात धरून उठवलं असतं तं तू उठला असता. म्या उठवलं नाही." तिनं तसबी मुठीत गोळा केली. "मलेच भेव लागलं होतं इतक्या दूरचं."

ते खरं होतं की त्याच्यासाठी म्हटलेलं, हे अब्रारला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. तिला उठायला हात हवा होता. त्यानं जो जवळ होता तो दिला, डावा. तिनं त्या दोन बोटांना धरलं आणि उठली.

अक्षय लग्न आटोपून आला तो मिशी काढून आणि बातमी घेऊन. यवतमाळच्या मोठ्या क्लासमध्ये त्याला जागा मिळाली होती. लगेच हजर व्हायचं होतं. त्यानं भाड्याची ट्रॅक्स जीप दारात उभी केली आणि सामान काढायला लागला. अब्रारनं कंप्युटरच्या वायरी एकेक सोडवल्या, गुंडाळल्या, प्रत्येकीला सुतळी बांधली. पडदा गोधडीत गुंडाळला. दांडी अक्षयनं त्याच्या हातात दिली, "ठेवा आठवण म्हणून," तर त्यानं ती परत खोक्यात टाकली. मशीन नसताना तिचं काय करणार. गादी, बादली, कंदील, सगळं निघालं. खोलीत टेबलाच्या पायांचे डाग राहिले.

"मंग बुढी, जेद्दा पाह्यलं ना?" गाडीत बसता बसता अक्षयनं विचारलं.

खातूनबी ओसरीवर पाय पसरून बसली होती. तिनं अब्रारकडे बोट केलं. "याले विचार. मले तिथं नेलं आन् तिथंच ठेवलं यानं. वापस कोण आणन?"

आरजू फिसकन हसली. अक्षय मोठ्यानं हसला, ड्रायव्हरही काही न कळता हसला. अब्रारला हसू आलं नाही. तो धुळीतून जाणारी गाडी पाहत उभा राहिला, मग रिकाम्या खोलीत गेला, झाडू घेतला आणि कोपऱ्यात निघालेली मुंग्यांची ओळ झाडून काढली. राहून गेलेली जुनेदची बॅटरी उद्या परत न्यायची होती. तिथं थोडा वेळ बसलं तरी चाललं असतं, न बसलं तरी चाललं असतं. झाडू ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात आला तेव्हा आरजू चूल फुंकत होती. जेवायला अजून वेळ होता.

"भूक लागली," अब्रार म्हणाला.

आरजूनं मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता सकाळची भाकर काढली, वर तेल-तिखट घातलं आणि त्याच्या हातात दिली. तो तिथंच उंबऱ्यात बसून खाऊ लागला.